जार कोणी आणायची? एका जुन्या एररची पार्श्वभूमी

आपल्या मशीनवर गुण्यागोविंदाने चालणारी वॉर फाइल, म्हणजे जावातल्या वेब ॲप्लिकेशनचं पॅकेज, सर्व्हरवर चढवली, की लॉगमध्ये 'क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन', म्हणजे क्लास सापडत नसल्याचा एरर. पुढे नाव असतं ते आपण न लिहिलेल्या क्लासचं. तो ज्या जारमध्ये (क्लासेसच्या गठ्ठ्यात) असतो ती आणायची कोणी, सर्व्हरने की ॲप्लिकेशनने? या भांडणाला पंचवीस वर्षं उलटून गेली.

सर्व्हलेट म्हणजे वेबवरच्या विनंतीला उत्तर देणारा जावा क्लास. १९९९ मध्ये त्याच्या मानकाच्या २.२ आवृत्तीसोबत वॉर फाइल आली आणि वाटणी ठरली: ॲप्लिकेशनच्या जार वॉरमधल्या वेब-इन्फच्या लिब फोल्डरमध्ये, सर्व्हलेट एपीआय (सर्व्हलेट लिहायला लागणारे तयार क्लास) सर्व्हरकडे. पण कंपाइल करायला सर्व्हलेटची जार लागतेच, आणि ती हमखास वॉरमध्येही जाऊन बसे. टॉमकॅट हा जावाचा सर्व्हर ती उचलत नसे. लॉगमध्ये नुसतं लिही: 'जार नॉट लोडेड. सी सर्व्हलेट स्पेक २.३, सेक्शन ९.७.२'. कारण रास्त होतं. एकच क्लास दोन क्लासलोडरनी (क्लास मेमरीत आणणाऱ्या भागांनी) लोड केला, तर जावाच्या लेखी ते दोन वेगळे क्लास. मेव्हन या बिल्ड टूलमधला 'प्रोव्हाइडेड' स्कोप इथेच कामी येतो: कंपाइलपुरती जार घ्या, वॉरमध्ये भरू नका.

दुसरी गफलत सर्व्हरच्या कुवतीची. ग्लासफिशसारखा पूर्ण सर्व्हर जेएसटीएल, जेएसएफ या वेब पानं बनवायच्या लायब्ररींसह सगळं घेऊन येतो. टॉमकॅट मुळात सर्व्हलेट आणि जेएसपी (एचटीएमएलमध्ये जावा मिसळलेली पानं) एवढ्यापुरता. तिथे जेएसटीएलची जार आपली आपण न्यायची.

मग खुद्द जावानेच हात आखडता घेतला. जावा ६ मध्ये जेडीकेत (जावाच्या मूळ संचात) आलेलं, एक्सएमएल हाताळणारं जॅक्सबी सप्टेंबर २०१८ च्या जावा ११ मधून गेलं. कोड तोच, सर्व्हर तोच, फक्त जावा नवी. आणि तरी क्लास गायब.

खरा घोळ नावावरून झाला. २०१७ मध्ये ओरॅकलने जावा ईई (सर्व्हलेटसारख्या मानकांचा संच) एक्लिप्स फाउंडेशनला द्यायचं ठरवलं, पण ट्रेडमार्कच्या वाटाघाटी फिसकटल्या आणि 'जावाएक्स' या पॅकेजच्या नावाखाली पुढे बदल करता येईनात. जावा ईईचं नाव जकार्ता ईई झालं, आणि डिसेंबर २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये सगळी पॅकेजं 'जकार्ता' झाली. टॉमकॅट १० ने तेच उचललं. त्यामुळे टॉमकॅट १० वर सर्व्हलेट-एपीआयची जार सर्व्हरच्या लिबमध्ये डोळ्यांसमोर असते आणि एरर म्हणतो 'जावाएक्स'मधला एचटीटीपीसर्व्हलेट सापडत नाही. घाईत कुणी जुनी जार आणून टाकतं. क्लास सापडतो, पण टॉमकॅट त्याला सर्व्हलेट मानायलाच तयार नसतो. त्यापेक्षा वॉर 'वेबॲप्स-जावाईई' फोल्डरमध्ये ठेवावी. टॉमकॅट १० ती स्वतःच नव्या नावांत बदलून घेतो.

उलटा प्रकार जास्त छळतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या स्प्रिंग बूट ३ या फ्रेमवर्कवर बनवलेली वॉर टॉमकॅट ९ वर टाका. सर्व्हर 'जावाएक्स'च्या नावाने इनिशियलायझर (ॲप्लिकेशन सुरू करणारा क्लास) शोधतो, वॉरमध्ये तो 'जकार्ता'च्या नावाने बसलेला. एकही एक्सेप्शन नाही, डिप्लॉयमेंट पूर्ण झाल्याची ओळ लॉगमध्ये येते, आणि ब्राउझरमध्ये ४०४.