‘इफ ही कम्स’ की ‘इफ ही केम’? आणि मग ते ‘वेअर’

‘तू फाइल पाठवलीस तर मी उद्या बघेन.’ नोकरीला लागलो तेव्हा हे वाक्य मी इंग्रजी मेलमध्ये ‘इफ यू सेंट द फाइल, आय विल चेक इट टुमॉरो’ असं उतरवलं. उत्तर आलं, ‘अहो, मी अजून पाठवलेलीच नाही!’ समोरच्यानं वाक्य बरोबरच वाचलं होतं. चुकलो मी, मराठी कानानं इंग्रजी लिहून.

‘पाऊस आला तर’ म्हटल्यावर कालचा पाऊस कुणाच्या डोक्यात येत नाही. रूप भूतकाळाचं, गोष्ट पुढची. क्रिया पुरी झाली की मगच पुढचं, एवढंच ते ‘आला’ सांगतं. इंग्रजी अशा उघड्या शक्यतेला साधा वर्तमानकाळ वापरते: ‘इफ इट रेन्स’. भूतकाळाचं रूप तिनं निराळ्याच कामाला लावलंय.

‘इफ ही कम्स, आय विल टेल हिम.’ तो आला तर सांगेन. येईल किंवा नाही येणार. ‘इफ ही केम, आय वुड टेल हिम.’ इथे बोलणाऱ्याला त्याच्या येण्याचा फारसा भरवसा नाही. दोन्हींत ‘टुमॉरो’ घालून बघा, खुशाल बसतं. म्हणजे फरक काळाचा नाहीच, भरवशाचा आहे. जोडीदार मात्र बदलायचे नाहीत: ‘कम्स’बरोबर ‘विल’, ‘केम’बरोबर ‘वुड’. माझ्या मेलमध्ये ‘सेंट’च्या शेजारी ‘विल’ आलं, म्हणून ते ‘सेंट’ खराखुरा भूतकाळ ठरलं: पाठवली असशील तर.

आपली खरी फजिती होते ती ‘असता, असती, असतं’पाशी. मराठी व्याकरण या रूपांना संकेतार्थ म्हणतं. ‘उद्या सुट्टी असती तर झोपलो असतो’ आणि ‘काल सुट्टी असती तर झोपलो असतो’ या दोन वाक्यांत आपण एक अक्षर बदलत नाही, काळाचं काय ते ‘उद्या’ आणि ‘काल’ बघून घेतात. इंग्रजीला तसं चालत नाही. उद्याचं वाक्य ‘इफ टुमॉरो वेअर अ हॉलिडे, आय वुड स्लीप’, कालचं ‘इफ येस्टरडे हॅड बीन अ हॉलिडे, आय वुड हॅव स्लेप्ट’. संधी हुकलेली असेल तर क्रियापद आणखी एक पायरी मागे जातं. ‘असतं तर’ भाषांतरित करण्याआधी मी स्वतःला एवढंच विचारतो: वेळ गेली का?

आता ते ‘वेअर’ (were). एकट्या ‘टुमॉरो’ला अनेकवचन कुठून आलं? ते अनेकवचन नव्हेच. जुन्या इंग्रजीत ‘होता’साठी एक रूप होतं आणि ‘असता तर’साठी वेगळं. बाकी क्रियापदांची अशी वेगळी रूपं कालांतरानं भूतकाळात मिसळून गेली. ‘बी’चं तेवढं उरलं, तेही फक्त ‘आय’, ‘ही’, ‘शी’, ‘इट’ आणि एकवचनी नामांपुरतं. गंमत म्हणजे आपल्याकडेही काही रूपं अशीच एकसारखी दिसतात. ‘तो घरी असतो’ आणि ‘तो घरी असता तर’ यांत फरक ऐकू येतो, पण ‘मी घरी असतो’ आणि ‘मी घरी असतो तर’ यांत ‘तर’ काढलं की काही कळत नाही.

बोलताना ‘इफ आय वॉज यू’ म्हणणारे इंग्रज भरपूर आहेत, त्यांना अडाणी समजण्यात अर्थ नाही. औपचारिक लिखाणात मी मात्र ‘वेअर’च ठेवतो. उलटी चूक मला जास्त खटकते: व्याकरण येतं हे दाखवायला जिथे तिथे ‘वेअर’ पेरणं. ‘इफ आय वॉज रूड येस्टरडे, आय ऍम सॉरी’ यात काल्पनिक काही नाही. काल उद्धट बोललो असेन, बोललो नसेन. तिथे ‘वॉज’च हवं. ‘शी आस्क्ड इफ आय वॉज फ्री’ हे तर अटीचं वाक्यच नाही. त्या ‘इफ’च्या जागी ‘वेदर’ (whether, म्हणजे ‘की नाही’) ठेवून बघा. बसलं, तर ‘वेअर’ लिहायचं काही कारण नाही.