घर नसलं तरी जॉब कार्ड मिळतं: कोकणातल्या बेघर मजुरांसाठी अर्जाची माहिती

रोजगार हमी म्हटलं की आपल्याकडे ‘ते घाटावरच्या दुष्काळी गावांचं’ म्हणून विषय मिटतो. मग बंदरावरच्या शेडमध्ये झोपणारा खलाशी, आंब्याच्या बागेत दुसऱ्याच्या मांगरात (बागेतल्या झोपडीवजा खोलीत) राहणारं जोडपं किंवा वीटभट्टीवरून परतलेलं कातकरी कुटुंब ग्रामपंचायतीत गेलं की पहिला प्रश्न येतो, ‘घरपट्टीची पावती कुठाय?’ जॉब कार्डासाठी, म्हणजे रोजगार हमीच्या नोंदणीच्या कार्डासाठी, ही पावती लागत नाही. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, दारिद्र्यरेषेचं कार्ड, यातलंही काही लागत नाही.

अट इतकीच: वय 18 पूर्ण, ग्रामपंचायत हद्दीत वास्तव्य आणि अंगमेहनतीचं काम करायची तयारी. एकटा माणूसही ‘कुटुंब’ धरला जातो, त्यामुळे ‘बायको-मुलं नाहीत, तुझं कार्ड कसं काढू’ हे कारण चालत नाही. कामासाठी बाहेर जाऊन परत येणाराही स्थानिकच.

नोंदणीचा अर्ज नमुना 1 वर करतात. कोऱ्या कागदावर लिहिलेला अर्जही चालतो, तोंडी सांगितलं तरी नोंद करून घ्यायची असते. खरी अडचण येते ती घर क्रमांकाच्या रकान्यापाशी. तो रिकामा सोडला की अर्ज ‘अपूर्ण’ म्हणून बाजूला पडतो. तिथे सरळ लिहावं: ‘घर नाही. बंदर धक्का, मासळी लिलावाच्या शेडमध्ये राहतो.’ जवळची खूण आणि वाडीचं नाव जरूर घालावं.

मांगरात राहणाऱ्यांचं दुखणं वेगळं. बागायतदार वर्षानुवर्षं राहू देतो, पण कागदावर सही मागितली की ‘उद्या कूळ लावशील’ म्हणतो. कसणाऱ्या कुळाला जमिनीवर हक्क देणाऱ्या 1948 च्या कूळकायद्याची धास्ती कोकणात अजून गेलेली नाही, आणि त्या माणसाला दोष देऊन काम होत नाही. मालकाची संमती मागायच्या भानगडीत पडूच नये. रहिवासाची खातरजमा ग्रामपंचायतीने करायची असते.

फोटोचा आणि कार्डाचा खर्च योजनेतून होतो. कार्ड 15 दिवसांत मिळायला हवं, आणि ते मजुराच्याच खिशात राहायला हवं. रोजगार सेवकाकडे (गावात या योजनेचं काम पाहणाऱ्याकडे) ‘सांभाळायला’ ठेवू नका.

आता आधार, मजुरी खात्यात यायला ते लागतं. पत्त्याचा पुरावा नसेल तर आधारच्या ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं. त्यावर सरपंच, तहसीलदार, राजपत्रित अधिकारी किंवा आमदार सही-शिक्का देऊ शकतात. मान्यताप्राप्त निवारा केंद्रात राहत असाल तर तिथले अधीक्षकही देतात. सही झाल्यापासून ते 3 महिनेच चालतं. नवी नोंदणी फुकट असते, मात्र प्रौढांच्या नव्या नोंदणीची राज्य पातळीवर पडताळणी होत असल्याने वेळ जातो. जांभ्याच्या खाणीत किंवा बर्फ-मासळीत काम करून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतील, तर आधी बुबुळाचं स्कॅन करायला सांगा.

मतदार ओळखपत्राचा रस्ता फार कमी लोकांना ठाऊक आहे. नमुना 6 मध्ये बेघर माणसाने आपण झोपतो ती जागा लिहायची. बीएलओ (मतदार यादीचं काम पाहणारा कर्मचारी) रात्री येऊन, एकापेक्षा जास्त वेळा, माणूस तिथेच झोपतो का ते पाहतो. पत्त्याचा कागद मागायचा नसतो. हे कार्ड हातात आलं की पुढची बरीच दारं उघडतात.

बँकेत शून्य शिल्लक असलेलं जनधन खातं उघडा. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या: खात्याला आधार ‘जोडणं’ आणि सरकारी पैसे जमा होण्यासाठी आधार सीडिंग (पैसे याच खात्यात जावेत अशी नोंद) होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मजुरी सीडिंग झालेल्या खात्यात येते. मुंबईत कधीकाळी कंत्राटदाराने उघडून दिलेलं खातं असेल, तर पैसे तिकडे जाऊन बसतात आणि माणूस इथे पासबुक भरत राहतो. बँकेत ‘डीबीटीचं (सरकारी पैसे थेट खात्यात येण्याचं) सीडिंग कुठल्या खात्यावर आहे’ असंच विचारा.

जॉब कार्ड मिळालं म्हणजे काम मिळालं असं नाही. कामाची मागणी वेगळी, नमुना 4 वर, आणि ती किमान सलग 14 दिवसांची. तारखेसह पोच (नमुना 5) घेतल्याशिवाय उठू नका. ‘काम निघालं की बोलावतो’ हे उत्तर म्हणजे पोच नव्हे. पोचेच्या तारखेपासून 15 दिवसांत काम द्यावं लागतं, नाहीतर बेरोजगार भत्ता: पहिले 30 दिवस मजुरीच्या पाव, त्यानंतर निम्मा. काम 5 किलोमीटरच्या पलीकडे असेल तर मजुरी 10 टक्के जास्त. पोच देत नसतील तर अर्ज थेट गटविकास अधिकारी किंवा तहसीलदारांकडे द्या.

राज्याचा 2025-26 चा दर दिवसाला 312 रुपये होता, म्हणजे पुरे 14 दिवस भरले तर 4,368. कामाचं माप घेऊन मजुरी ठरते, म्हणून कमीही पडू शकते. मस्टर (हजेरीपत्रक) संपल्यापासून 15 दिवसांत पैसे जमा व्हायला हवेत. हजेरी मोबाइलवर दिवसातून दोनदा फोटो काढून लागते. दुपारचा फोटो चुकवून घरी पळालात तर दिवस गेला.

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने रोजगार हमीच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात हमीचे दिवस 100 वरून 125 होतात, आणि पेरणी-कापणीच्या हंगामात एकूण 60 दिवस कामं बंद ठेवायची तरतूद आहे. फॉर्मवरचं योजनेचं नाव बदललेलं दिसलं तर गोंधळू नका.

नगरपरिषदेच्या हद्दीत राहणाऱ्यांनी शहरी बेघर निवाऱ्याची चौकशी करावी. निकष 1 लाख लोकसंख्येमागे 100 जणांच्या एका निवाऱ्याचा, त्यामुळे आपल्या किनाऱ्यावरच्या छोट्या शहरांच्या वाट्याला तो क्वचितच येतो. शेजारच्या ग्रामपंचायतीत खरोखर राहत असाल तर जॉब कार्डाची नोंदणी तिथे होते. नुसतं नाव घालून घेऊ नका, तक्रार झाली की कार्ड रद्द होऊ शकतं.

जॉब कार्डाचा आणखी एक उपयोग घरकुलाला होतो. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) नाव असेल तर घराच्या अनुदानाशिवाय स्वतःच्याच घराच्या बांधकामावर 90 दिवसांची मजुरी मिळते, 312 च्या दराने 28,080 रुपये. जागाच नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेचा अर्ज पंचायत समितीत द्यावा. कातकरी कुटुंबांनी पीएम-जनमनमधून (अतिमागास आदिवासींसाठीच्या केंद्राच्या योजनेतून) मिळणाऱ्या घरकुलाबद्दलही तिथेच विचारावं.

पावसात इथे कामं जवळजवळ नसतातच. म्हणून नोंदणी, आधार, बँक हे सगळं गणपतीच्या सुमारास उरकून घ्या, आणि भातकापणी आटोपली की लगेच नमुना 4 भरा.