ओन्डॅनसेट्रॉन, क्यूटी आणि गरोदरपणातल्या उलट्या

गरोदरपणात उलट्यांसाठी ओन्डॅनसेट्रॉन लिहून दिलं की कोणीतरी सांगतंच, "हार्टवर परिणाम होतो म्हणे". हे म्हणे आलं कुठून, तर मुळात हे औषध गरोदर बायकांसाठी आलंच नव्हतं, 1991 ला अमेरिकेत एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, मान्यता दिली ती कॅन्सरच्या केमोच्या उलट्यांसाठी, आणि गरोदरपणातला वापर तिथे आजही ऑफ-लेबलच, म्हणजे अधिकृत मान्यतेबाहेरचा.

मग इकडे वळलं कसं? गरोदरपणात घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मली, त्या हाहाकारानंतर गरोदरपणातल्या कुठल्याही गोळीकडे सगळे संशयानेच बघायला लागले. तिथे उलट्यांसाठी डॉक्सिलामिन (अ‍ॅलर्जीवरचं, गुंगी आणणारं औषध) आणि व्हिटॅमिन बी6 ची बेंडेक्टिन नावाची गोळी चालायची, तिच्यावर इतक्या कोर्टकेसेस झाल्या की 1983 ला कंपनीनेच ती बंद केली, बाळात व्यंग येतं हे अभ्यासात काही सिद्ध झालं नाही तरी! तेच कॉम्बिनेशन तिथे परत यायला 2013 उजाडलं. मधल्या काळात गुंगी न आणणारं ओन्डॅनसेट्रॉन हाताशी होतं, मग तेच वापरात आलं.

आता हृदयाचं. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतं आणि पेशी पुढच्या ठोक्याला तयार होतात. ओन्डॅनसेट्रॉन ही वाट थोडी अडवतं, त्यामुळे ईसीजीवर क्यूटी नावाचं अंतर लांबतं, आणि ते फारच लांबलं तर टॉरसाड नावाची जीवघेणी अनियमित लय सुरू होऊ शकते. एफडीएने सप्टेंबर 2011 मध्ये याबद्दल इशारा दिला. पुढच्या वर्षी कंपनीच्या अभ्यासात दिसलं की शिरेतून एकदम 32 मिलिग्रॅम दिलं तर क्यूटी सरासरी 20 मिलिसेकंदांपर्यंत वाढतो आणि 8 मिलिग्रॅमला साधारण 6. वर्ष संपायच्या आत तो 32 चा डोस बाजारातून गेला.

पण 32 हा केमोवाल्यांचा डोस होता, गरोदरपणात सहसा 4 नाहीतर 8 च देतात, हे सांगताना लोक हमखास गाळतात. अर्थात दुसरी बाजूही आहे, जिला दिवसदिवस पाणीसुद्धा टिकत नाही तिचं पोटॅशियम आणि मॅग्नेशियम आधीच घसरलेलं असतं, आणि ते कमी असलं की क्यूटी अजून लांबतो, म्हणजे औषधाची गरज सगळ्यात जास्त जिला, धोकाही तिलाच जास्त. म्हणून अशा पेशंटमध्ये आधी इलेक्ट्रोलाइट्स, म्हणजे रक्तातले हेच पोटॅशियम-मॅग्नेशियमसारखे क्षार, तपासून भरून काढतात, गरज वाटली तर ईसीजी काढतात, आणि घरात कोणाला लाँग क्यूटी, म्हणजे जन्मतःच क्यूटी लांब असण्याचा आजार, आहे का किंवा क्यूटी लांबवणारं दुसरं एखादं औषध, काही अँटिबायोटिक्स किंवा डिप्रेशनच्या गोळ्या वगैरे, चालू आहे का ते विचारतात.