रॅपिड अँटिजेन चाचणी

नाकातील, घशातील किंवा रक्तातील नमुन्यात विषाणूची प्रथिने (अँटिजेन) आहेत का, हे साधारण १५ ते ३० मिनिटांत दाखवणारी चाचणी. कोविड-१९, इन्फ्लुएंझा, आरएसव्ही (श्वसनमार्गाचा एक विषाणूसंसर्ग), डेंग्यू अशा आजारांसाठी ती वापरतात. जलद प्रतिजन चाचणी असेही तिला म्हणतात.

नाकातला स्वॅब द्रावणात घुसळला की विषाणू फुटतो आणि आतली प्रथिने मोकळी होतात. त्याचे थेंब किटवर टाकल्यावर, टिपकागदात शाई चढावी तसा द्रव पट्टीतून पुढे सरकतो. वाटेत प्रतिपिंडे (अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटणारी प्रथिने) असतात, त्यांना बहुधा सोन्याचे अतिसूक्ष्म कण जोडलेले असतात. ती विषाणूचे प्रथिन पकडून त्याच्यासह वाहत जातात. ‘टी’ (टेस्ट) रेघेवर पक्की बसवलेली दुसरी प्रतिपिंडे ही जोडी अडवतात, कण साचतात आणि तांबूस रेघ उमटते. ती फिकट असली तरी ठरलेल्या वेळेत उमटली तर निकाल पॉझिटिव्हच. फार उशिरा उमटलेली रेघ मात्र धरू नये. किट नीट चालल्याची खूण असलेली ‘सी’ (कंट्रोल) रेघ आली नाही तर चाचणी बाद.

पीसीआर या प्रयोगशाळेतील चाचणीत विषाणूचा जनुकीय अंश कोट्यवधी पटींनी वाढवून शोधतात. इथे काहीच वाढवले जात नाही, त्यामुळे नमुन्यात विषाणू भरपूर असावा लागतो. संसर्गाच्या अगदी सुरुवातीला तो कमी असतो आणि चाचणी चुकते. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यानुसार कोविडची लक्षणे असलेल्या बाधितांपैकी सुमारे ७३ टक्के, तर लक्षणे नसलेल्यांपैकी सुमारे ५५ टक्केच या चाचणीत सापडले. म्हणून निगेटिव्ह निकाल हा निरोगीपणाचा दाखला मानणे धोक्याचे आहे. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने त्याच वर्षी ४८ तासांच्या अंतराने पुन्हा तपासण्याचा सल्ला दिला: लक्षणे असल्यास किमान २ वेळा, नसल्यास ३ वेळा.

साथ ओसरलेली असताना उलटी अडचण येते. समजा, १,००० जणांत ५ बाधित आहेत. ८० टक्के बाधितांना ओळखणारी आणि ९९ टक्के निरोगींना बरोबर वगळणारी चाचणी त्यांतले ४ जण पकडेल, पण सुमारे १० निरोगी माणसांनाही पॉझिटिव्ह ठरवेल.

डेंग्यूत मात्र लवकर निदान हीच या चाचणीची खरी ताकद आहे. एनएस-१ हे प्रथिन तापाच्या पहिल्या दिवसापासून रक्तात सापडू शकते. शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे दिसायला बहुधा चार-पाच दिवस जातात.