ओलं फडकं आणि भरलेलं मूत्राशय

गाडीच्या धक्क्यातून मांजर वाचतं. दोन दिवसांनी खायला लागतं, चारही पायांवर उभं राहतं. शेपूट तेवढं लोंबतंय आणि अंगाखालचं फडकं सारखं ओलं होतंय. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "लघवी तरी होतेय ना, झालं तर मग!" इथेच घात होतो. अशा मांजराचं ओलं फडकं बहुतेक वेळा लघवी तुंबल्याची खूण असते. मूत्राशय काठोकाठ भरलं की आतला दाब बंद तोंडालाही जुमानत नाही आणि मावत नाही तेवढं थेंबाथेंबानं बाहेर येतं. बाकीचं शंभर-दीडशे मिलिलिटर आतच राहतं.

४ किलोच्या मांजराची मूत्रपिंडं दिवसाला साधारण ८० ते १६० मिलिलिटर लघवी तयार करतात आणि त्याच्या मूत्राशयात ४०-५० मिलिलिटर आरामात मावते. म्हणजे लघवी अडली की पहिल्याच दिवशी मूत्राशय गरजेपेक्षा जास्त ताणलं जातं.

या दुखापतीचा नेहमीचा प्रकार म्हणजे शेपूट खेचलं जाणं. पळत्या मांजराच्या शेपटीवरून चाक जातं किंवा ती दारात अडकते. अंग पुढे जातं, शेपूट मागे राहतं. मांजराच्या कमरेत ७ मणके, त्यामागे त्रिकास्थीचे ३ जुळलेले मणके आणि मग शेपटीचे वीसेक. मज्जारज्जू त्रिकास्थीच्या आसपास संपतो आणि त्यातून निघालेली चेतांची (नसांची) मुळं एका जुडग्यानं मागे जातात. शेपूट हिसकलं की हा जुडगा ताणला जातो, कधी मुळापासून उपटला जातो. मागच्या पायांची मुख्य चेता बऱ्याच अंशी या जागेच्या वरून निघते. म्हणून पाय चालतात, शेपूट लुळं पडतं आणि लघवीचं काय झालंय हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

मूत्राशयावर तीन चेतांची सत्ता चालते. पेल्विक चेता त्रिकास्थी भागातून येते आणि मूत्राशयाच्या भिंतीतल्या स्नायूला आकुंचन पावायला सांगते. प्युडेंडल चेताही तिथूनच निघते. ती मूत्रमार्गाचा बाहेरचा, इच्छेच्या ताब्यातला वळा (तोंड आवळून धरणारा गोल स्नायू) आणि गुदद्वाराचा वळा सांभाळते. तिसरी, हायपोगॅस्ट्रिक, कमरेच्या भागातून, म्हणजे बरीच वरून येते. तिचं काम उलटं: भिंतीला सैल ठेवायचं आणि मूत्राशयाच्या मानेतला आतला वळा आवळून धरायचा. थोडक्यात, साठवण तिच्याकडे आणि रिकामं करणं पेल्विककडे. शेपूट खेचलं गेलं की पहिल्या दोघी जायबंदी होतात आणि तिसरी शाबूत राहते. ढकलणारं कुणी नाही, आवळणारी मात्र कामावर हजर. सगळं लुळं पडलं असताना लघवी वाहून का जात नाही, असा प्रश्न पडला असेल तर त्याचं उत्तर हे आहे.

निरोगी मांजरात या तिघींचा ताळमेळ मेंदूच्या खोडात ठरतो. ते केंद्र ब्रिटिश शल्यविशारद बॅरिंग्टन यांनी १९२५ मध्ये शोधलं, तेही मांजरांवरच्याच प्रयोगांतून. मूत्राशय भरल्याची वर्दी मज्जारज्जूतून वर जाते, केंद्र परवानगी देतं, आणि भिंत आवळणं व वळे सैल पडणं एकाच वेळी होतं.

पण नवजात पिल्लात हा रस्ता तयारच झालेला नसतो. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्या प्रत्येक घरी ती पिल्लांचा मागचा भाग चाटत असते, याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. तो चाटण्याचा स्पर्श प्युडेंडल चेतेतून त्रिकास्थी भागातल्या मज्जारज्जूत जातो आणि तिथूनच, मेंदूला न विचारता, पेल्विक चेतेतून मूत्राशयाला आकुंचनाचा हुकूम सुटतो. पहिले तीन-चार आठवडे पिल्लाची लघवी या आखूड वाटेवरच चालते. आईविना सापडलेल्या पिल्लाला दूध पाजलं, पण ओल्या कापसानं पुसून लघवी करवली नाही तर ते पोट फुगून मरतं, त्याचं कारण हेच. पुढे मेंदूचा रस्ता पक्का होतो आणि सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत जुनी वाट दबते. मात्र ती पुसली जात नाही. अमेरिकी संशोधक विल्यम डी ग्रोट आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये पिल्लांमधला हा बदल नोंदवला. मोठ्या मांजराचा मज्जारज्जू पाठीत तुटला तर काही दिवसांतच ही बालपणीची वाट पुन्हा उघडते, हेही प्रयोगांत दिसलं.

याचा व्यवहारात थेट उपयोग आहे. दुखापत पाठीच्या मधल्या भागात असेल, मागचे पाय लुळे पण ताठर असतील, तर कोमट ओल्या कापसानं गुदद्वार आणि जननेंद्रियाच्या मधली जागा हलकेच पुसल्यावर काही दिवसांनी लघवीची धार सुटू शकते. पूर्ण रिकामं होईलच असं नाही, कारण भिंत आणि वळा एकाच वेळी आवळले जातात आणि धार तुटक येते. शेपूट खेचलं गेलेल्या मांजरात मात्र तासभर पुसलं तरी काही होणार नाही, कारण ती आखूड वाटच उखडलेली असते. "अमुक ठिकाणी पुसा, लगेच होते" असं सांगणारे व्हिडिओ एका मांजराला लागू पडतात आणि दुसऱ्याला का नाही, ते यावरून कळावं.

मग उरतात आपले हात: पोटावरून मूत्राशय दाबून लघवी बाहेर काढायची. पण हात लावण्याआधी एक गोष्ट पक्की करायला हवी. दुखापत नसलेला बोका वारंवार लघवीला बसतोय, कण्हतोय, एकही थेंब येत नाही आणि पोटात कडक गोळा लागतोय, तर ते वेगळं प्रकरण आहे: त्याचा मूत्रमार्ग खड्यानं किंवा चिकट बुचानं बंद झालाय. तिथे दाबायचं नाही. तासाभरात दवाखाना गाठायचा. एक-दोन दिवसांत रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं. अपघातातल्या मांजराचाही मूत्रमार्ग मोकळा आणि मूत्राशय अखंड आहे, हे डॉक्टरांनी सोनोग्राफीनं किंवा कॅथेटर (मूत्रमार्गातून आत जाणारी बारीक नळी) घालून पाहिल्यावरच घरी दाबायला सुरुवात करावी. पहिले तीन-चार दिवस ते बरेचदा कॅथेटरच ठेवतात.

दाबताना भीती असते फाटण्याची, आणि ती कधी जास्त असते हे गणितानं सांगता येतं. गोल पिशवीच्या भिंतीवरचा ताण आतला दाब गुणिले त्रिज्या भागिले भिंतीच्या जाडीच्या दुप्पट इतका असतो. पिशवी फुगते तेव्हा त्रिज्या वाढतेच, शिवाय तेवढंच मांस जास्त पृष्ठभागावर पसरल्यानं जाडी त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. दोन्ही एकत्र केलं की ताण त्रिज्येच्या घनाच्या, म्हणजे थेट आकारमानाच्या पटीत वाढतो. ५० मिलिलिटरच्या मूत्राशयावर जो दाब देता, तोच १५० मिलिलिटरला दिला तर भिंतीवर तिप्पट ताण. गणित सोडून दिलंत तरी चालेल, पण निष्कर्ष लक्षात ठेवा: वेळ चुकवून मग जोरानं दाबणं सगळ्यात धोक्याचं. शिवाय फार ताणलं गेल्यावर स्नायूपेशींमधले सांधे सुटतात, एका पेशीकडून दुसरीकडे संदेश जात नाही, आणि पुढे चेता बरी झाली तरी भिंत ढिम्म राहते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मूत्राशय लहान ठेवणं म्हणजे त्या चेतेसाठी जागा राखून ठेवणं. चेता तुटली नसून नुसती ताणली गेली असेल तर तिला तेवढा वेळ लागतोच.

सुरुवातीला दर ६ तासांनी, घडी बसल्यावर दर ८ तासांनी दाबावं. मांजराला टॉवेलवर किंवा पॅडवर उभं करा; उभं राहत नसेल तर कुशीवर ठेवा. शेपटीला धरू नका, उचलूही नका. डावा हात छातीखाली. उजवा हात पोटाखालून असा घाला की अंगठा एका बाजूला आणि चार बोटं दुसऱ्या बाजूला, मांड्यांच्या लगेच पुढे येतील. बोटांची टोकं टोचायची नाहीत, पेरांचा सपाट भाग वापरायचा. पाठीच्या कण्याखालून सुरुवात करून बोटं हळूहळू खाली आणत जवळ आणलीत की मधे पाण्यानं भरलेल्या फुग्यासारखं काहीतरी निसटताना जाणवेल. ते मूत्राशय. त्याच्या वर, कण्याला समांतर, टणक गाठींची माळ लागली तर ती आतड्यातली शी. बरगड्यांच्या मागे वरच्या अंगाला हलणारा घट्ट गोळा लागला तर ते बहुधा डावं मूत्रपिंड, ते मांजरात जरा लोंबतंच असतं. नवशिका माणूस या दोन्हींना हमखास दाबतो.

मूत्राशय हाताला लागलं की दोन-तीन सेकंदांत दाब वाढवत न्या आणि तो १०-१५ सेकंद तसाच धरून ठेवा, दिशा किंचित शेपटीकडे. आतला वळा दाबाखाली थकून सैल पडायला वेळ घेतो. झटके देत दाबलं तर तो प्रत्येक झटक्याला आणखी आवळतो. धार सुटली की दाब वाढवू नका आणि सोडूही नका. लहान होत जाणाऱ्या मूत्राशयामागे बोटं जवळ आणत राहा. धार थांबली की अर्धा मिनिट थांबून पुन्हा एकदा. मांजरानं पोट ताठ केलं तर दोन स्नायूंशी एकदम झुंजू नका, ते श्वास सोडून सैल पडेपर्यंत वाट पाहा. दोन प्रयत्नांत काहीच आलं नाही तर जोर वाढवायचा नाही. लघवी उलट दिशेनं मूत्रपिंडाकडे जाते, आणि तीत जंतू असतील तर तेही वर जातात. धार न येताच बोटांखालचा गोळा अचानक नाहीसा झाला, तर मूत्राशय फुटल्याचं समजून तडक निघावं.

पॅड आधी आणि नंतर स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. १ ग्रॅम म्हणजे जवळपास १ मिलिलिटर. तारीख, वेळ, आकडा आणि रंग वहीत लिहा. चार किलोच्या मांजराची दिवसभराची बेरीज ५० च्या खाली आली तर एक तर ते पाणी पीत नाहीये किंवा तुम्ही अर्धंच काढताय. गळती नको म्हणून पाणी तोडणारे लोक असतात; त्यानं लघवी घट्ट होते आणि संसर्गाला आयतं निमंत्रण मिळतं. ओलं खाणं द्या.

दाबताना वळा फारच घट्ट लागत असेल तर डॉक्टर प्राझोसिनसारखं आतला वळा सैल करणारं औषध देतात. भिंतीला जोर देणारं बेथानेकॉल नेहमी त्याच्यानंतर. दार बंद असताना आतून ढकलण्यात अर्थ नाही. याच कारणानं गोखरू, पुनर्नवा, जवाचं पाणी हे उपाय इथे चुकीचे आहेत. ते लागू पडले असं मानलं तरी मूत्रपिंडाचं काम वाढवतील, आणि इथे मूत्रपिंडाची तक्रारच नाही. शेपटीवर लेप लावणं, हाडवैद्याकडून ती "बसवून" घेणं यानं ताणलेला जुडगा पुन्हा एकदा ताणला जातो. दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल मात्र कधीच नाही. ती निकामी करण्याची यकृताची मुख्य रासायनिक वाट मांजरात जवळपास नाहीच, आणि ५०० मिलिग्रॅमची एक गोळी त्याचा जीव घेऊ शकते.

त्वचेचं थोडक्यात: मागचे केस कापून टाका, दिवसातून दोनदा कोमट पाण्यानं धुऊन पूर्ण कोरडं करा, मग पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. झिंकचं मलम नको, ते चाटलं जातं आणि झिंक मांजराला विषारी आहे. डायपर बांधलाच तर तीन-चार तासांत बदला.

शीचं काम बहुधा त्याच चेतांकडे असल्यानं तीही तुंबते. दोन दिवस झाली नाही तर शी मऊ करणाऱ्या लॅक्टुलोजची मात्रा डॉक्टरांना विचारून घ्या. औषधाच्या दुकानात मिळणारा फॉस्फेटचा तयार एनिमा माणसांसाठी ठीक. मांजरात तो रक्तातलं कॅल्शियम कोसळवून मारतो. तोंडातून जबरदस्तीनं तेल पाजलं तर ते फुप्फुसात उतरतं.

लघवी गढूळ झाली, वास उग्र झाला, गुलाबी छटा आली की तपासणी आणि कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याची चाचणी). संसर्ग होऊ नये म्हणून आधीपासूनच प्रतिजैविक चालू ठेवलं तर उरतात ते औषधाला न जुमानणारे जंतू.

सुधारणा कुठे पाहायची? कापसाच्या काडीनं गुदद्वाराच्या कडेला स्पर्श केल्यावर ते आक्रसलं, किंवा शेपटीच्या बुडाशी चिमटा घेतल्यावर मांजरानं वळून पाहिलं, तर आशा चांगली. शेपूट टोकापर्यंत बरं होणं वेगळं; ते मेलेलं ओझं बनलं, मातीत आणि लघवीत घासू लागलं, तर डॉक्टर कापून टाकतात. मांजर स्वतःहून वाळूत बसायला लागलं तरी दाबणं लगेच थांबवू नका. ते उठल्यावर दाबून पाहा आणि मागे किती उरलं ते वहीत मांडा. सलग चार-पाच दिवस १० मिलिलिटरच्या आत आलं की तीनाची दोन वेळा करा, मग एक. शेवटी उरलेली लघवी २-३ मिलिलिटरवर यायला हवी. महिना उलटूनही आकडा हलला नाही तर लघवीवरचा ताबा परतण्याची शक्यता कमी. तेव्हा दिवसातून तीन वेळांचं हे वेळापत्रक कायमचं, आणि दर दोन-तीन महिन्यांनी लघवीचं कल्चर.