ज्येष्ठांसाठीचा निधी: पैसा कुठून आला, कशावर गेला

वृद्धाश्रमाला खोली बांधून देणारा देणगीदार मिळतो, पण त्याच खोलीत रात्रपाळी करणाऱ्या मदतनिसाचा पगार उचलणारा मिळत नाही. ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या संस्थांची ही अडचण जुनी आहे. ती समजून घ्यायची तर हा पैसा कोणी, कधी आणि कशासाठी द्यायला सुरुवात केली ते पाहायला हवं.

सुरुवात दानातून झाली. पुण्याच्या नवी पेठेतला ‘निवारा’ हा वृद्धाश्रम मुंबईचे व्यापारी डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६० च्या दशकात उभा राहिला. कोलकात्यात १८८२ मध्ये ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ या ख्रिस्ती जोगिणींच्या संघाने निराधार वृद्धांसाठी घर सुरू केलं. त्या काळातल्या दानाचा ओढा वास्तूकडे होता: इमारत, दर्शनी भागात कोनशिला, तिच्यावर दात्याचं नाव. त्या वास्तूंनी कित्येक पिढ्यांना छप्पर दिलं, त्याचं मोल मोठंच आहे. पण देणगी म्हणजे बांधकाम हे समीकरण तिथेच पक्कं झालं आणि अजूनही सुटलेलं नाही.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात वार्धक्यातल्या सरकारी मदतीचा उल्लेख आला, मात्र ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’. हे मार्गदर्शक तत्त्व असल्यामुळे त्याच्या आधारे न्यायालयात दाद मागता येत नव्हती. म्हातारपण हा घरचा मामला, हीच समजूत पुढची कित्येक वर्षं टिकली.

१९७४ मध्ये ‘हेल्प द एज्ड’ या ब्रिटिश संस्थेचे संस्थापक सेसिल जॅक्सन-कोल भारतात आले. सॅमसन डॅनियल यांनी त्यांच्याकडे दिल्लीतल्या कामासाठी पैसे मागितले. जॅक्सन-कोल यांनी पैशांऐवजी निधी उभारण्याचं प्रशिक्षण देऊ केलं. लंडनमध्ये ते घेऊन आल्यावर डॅनियल दांपत्याने दिल्लीतल्या शाळकरी मुलांची पदयात्रा काढून पैसे गोळा केले. त्यातूनच १९७८ मध्ये ‘हेल्पएज इंडिया’ नोंदली गेली आणि काही महिन्यांतच ब्रिटिश मदतीशिवाय चालू लागली. या साऱ्या इतिहासात मला हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. बड्या दात्याच्या एका धनादेशाऐवजी हजारो घरांतून छोट्या रकमा आल्या, आणि असा पैसा औषधांवर, फिरत्या दवाखान्यांवर, माणसांवर खर्च करता येतो. महाराष्ट्रात १९८० मध्ये ‘फेस्कॉम’ हा ज्येष्ठ नागरिक संघांचा महासंघ स्थापन झाला. गावोगावचे संघ आणि विरंगुळा केंद्रं आजही मुख्यतः सभासदांच्या वर्गणीवर तग धरून आहेत.

सरकारी अनुदानाला नियमित रूप यायला १९९२ उजाडलं. दहा वर्षं आधी व्हिएन्नात वार्धक्यावरची पहिली जागतिक परिषद झाली होती. केंद्र सरकारच्या नव्या योजनेतून वृद्धाश्रम, दिवसभराची काळजी केंद्रं, फिरती वैद्यकीय पथकं यांच्या खर्चाचा ९० टक्क्यांपर्यंत वाटा स्वयंसेवी संस्थांना मिळू लागला. पगारही त्यात धरलेले होते, ही मोठीच पुढची पायरी. अडचण होती ती पद्धतीत: राज्याची तपासणी आणि शिफारस, मग हप्ता, मग तो योग्य कामावर खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, त्यानंतर पुढचा हप्ता. ज्या संस्थेकडे स्वतःची गंगाजळी नाही, तिचा किराणा या वाटेत कुठेही अडकू शकतो. ती योजना आज ‘अटल वयो अभ्युदय योजने’चा भाग आहे.

१५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राचं वृद्धापकाळ निवृत्तिवेतन सुरू झालं, महिना ७५ रुपये. ६० ते ७९ वयोगटासाठी केंद्राचा वाटा आजही २०० रुपयांवरच अडून बसला आहे. बाकीचा भार राज्यं उचलतात. एवढ्याशा पैशात ज्येष्ठांना सेवा विकत घेता येत नाही, म्हणून संस्थांवरचा भार वाढतच जातो. २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधारांसाठी वृद्धाश्रमाची कल्पना मांडली खरी, पण राज्यांवर सक्ती केली नाही.

२०१३ च्या कंपनी कायद्यानंतर चित्र पालटलं. ठरावीक आकाराच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करणं १ एप्रिल २०१४ पासून भाग पडलं, आणि त्या कामांच्या यादीत वृद्धाश्रम व दिवसभराची केंद्रं स्पष्टपणे नोंदली आहेत. मात्र नियमांनुसार ‘चालू प्रकल्प’, म्हणजे एकाहून जास्त वर्षं चालणारं काम, सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षांचं. स्मृतिभ्रंश झालेल्या आजींची काळजी तीन वर्षांत आटोपत नाही. त्यामुळे संस्था पुन्हा रुग्णवाहिका, सौरदिवे, नवी खोली असं एकदाच द्यायचं काहीतरी मागतात. २०१५ मध्ये बचत योजना, पीपीएफ आणि भविष्य निर्वाह निधीतल्या बेवारस रकमांतून ज्येष्ठ नागरिक कल्याण निधी उभा राहिला. त्यातून २०१७ ची ‘राष्ट्रीय वयोश्री योजना’ काठ्या, श्रवणयंत्रं, चष्मे, चाकाच्या खुर्च्या पुरवते. गरजेच्या आहेत, पण पुन्हा वस्तूच.

परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी घेतलेली संस्था तो दुसऱ्या संस्थेकडे वळवू शकत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेमार्फत परदेशी मदत मिळवणाऱ्या तालुक्यातल्या लहान संस्थांची ती वाट बंद झाली.

वेगळं उदाहरण हैदराबादचं आहे. तिथे टाटा ट्रस्टने ज्येष्ठांसाठी दूरध्वनी मदतवाहिनी चालवली. फोन उचलणारी, गरज पडल्यास घरी जाणारी माणसं हाच तिचा खर्च. ते काम चालतं हे दिसल्यावर त्याच धर्तीवर १४५६७ ही देशव्यापी ‘एल्डरलाइन’ उभी राहिली. अंदाजपत्रकात मदतनिसांच्या पगाराची ओळ खोडून बांधकामाची ओळ घालायचा आग्रह एखाद्या देणगीदाराने धरला, तर विश्वस्तांनी हे उदाहरण त्याच्यापुढे जरूर ठेवावं.