पिठाच्या वाटीत हवाच जास्त

दिवाळी तोंडावर आली की फोनवर एक तक्ता फिरायला लागतो: १ कप म्हणजे २५० ग्रॅम, अर्धा कप म्हणजे १२५ ग्रॅम. पाण्यापुरतं ते खरं आहे, तेही कप २५० मिलिलिटरचा असेल तर. अमेरिकी कप साधारण २३७ मिलिलिटरचा असतो. दूधही जवळपास बसतं. पण या तक्त्यावर विसंबून केकसाठी मैदा तोलला, तर तो जवळजवळ दुप्पट पडेल.

२४० मिलिलिटरच्या कपात साखर साधारण २०० ग्रॅम मावते, मैदा हलक्या हाताने भरला तर फक्त १२०. मैद्याचा कण हलका असतो म्हणून? नाही. त्याची स्वतःची घनता घन सेंटिमीटरला सुमारे १.४५ ग्रॅम, म्हणजे पाण्याहून जास्तच. मध्ये अजिबात हवा न ठेवता कप भरता आला, तर साडेतीनशे ग्रॅम मैदा मावेल. म्हणजे त्या कपात पीठ एक तृतीयांशच, बाकी सगळी हवा. साखरेच्या कपात निदान निम्म्याहून थोडी जास्त साखर असते.

बारीक कण फटींत शिरून घट्ट बसतील असं आपल्याला वाटतं. होतं उलटं. गोट्या असोत की मोहरी, एकसारखे गोल दाणे नुसते ओतले की साधारण ६० ते ६४ टक्केच जागा भरते. मोहरीमधल्या फटी लहान, पण तितक्याच जास्त, हिशेब सारखाच. (हाताने रचले तरी ७४ टक्क्यांच्या वर जाता येत नाही. हे खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६११ मध्ये मांडलं आणि गणिती टॉमस हेल्सने १९९८ मध्ये सिद्ध केलं.) मग पिठाचं काय बिनसतं?

दोन कण एकमेकांना टेकले की त्यांच्यात रेणूंचं किंचित आकर्षण असतं. त्याला व्हॅन डर वाल्स बल म्हणतात. कणाचा व्यास निम्मा केला की त्याचं वजन एक अष्टमांश होतं, हे बल मात्र निम्म्यावरच येतं. असं लहान लहान होत गेलं की साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाखाली चिकटपणा वजनावर मात करायला लागतो. साखरेचा दाणा घरंगळत जाऊन खळग्यात बसतो. मैद्याचा कण जिथे टेकला तिथेच अडकतो, त्याच्यावर दुसरा, आणि अशा कमानींच्या पोटात हवा कोंडून राहते. कप ओट्यावर दोन-चारदा आपटा: कमानी ढासळतात, पीठ खाली बसतं, आणि दाबून भरलेला तोच कप दीडशे ग्रॅमवर जातो.

खात्री करायची तर एक वाटी साखर मिक्सरमध्ये दळा. वजन तेवढंच, पण पिठीसाखर दीड वाटीच्या पुढे भरते. लाडवांच्या कृतीत साखर दळायच्या आधी मोजायची की नंतर, हे लिहिलं नसेल तर ती कृती अर्धवटच समजावी. आणि ‘१ कप = १२८.४ ग्रॅम’ असं दशांशापर्यंत सांगणाऱ्या अ‍ॅपची तर कमालच वाटते. कप कोणी भरला हे त्याला कुठून कळणार?

खळ्यात पायलीने धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणतात. म्हणावं खुशाल. पण रास वाढते की घटते ते पायली किती हलवली आणि वर शीग किती ठेवली यावर ठरतं, उच्चारावर नाही.

तेलात हवा नसते, पण तेही तापलं की फुगतं. सोयाबीन तेलाचा एक लिटर २१ अंशांना ९१९ ग्रॅम भरतो, ६० अंशांना ८९३. काही पाकिटांवर लिटरशेजारी चढं तापमान छापलेलं असे, म्हणजे लिटर तोच, पण ग्रॅम कमी. २०२२ मध्ये केंद्राने ते बंद करायला सांगितलं.

घरी मात्र सोपं आहे. वजनकाट्यावर रिकामी वाटी ठेवून काटा शून्य करा आणि ती पाण्याने काठोकाठ भरा. जेवढे ग्रॅम, तेवढे मिलिलिटर. मग तुमच्या नेहमीच्या पद्धतीने त्याच वाटीत मैदा, रवा, बेसन भरून तोला आणि आकडे त्या त्या डब्याच्या झाकणावर मार्करने लिहून टाका.